माडाच्या वर न्हाय

बा, सगळ्यांसमोर माझं नाव घ्यायची काही गरज नव्हती. हे मी तुला तेव्हाच म्हणालो होतो, आणि तू गेलास त्याला सात वर्षं झाली तरी मनातल्या मनात म्हणतोच आहे. घरात बोलायचं होतंस. मारायचं होतंस, मी काही बोललो नसतो. पण देवळासमोर सगळी वस्ती बसलेली, पाटील चटईवर, बायका मागे, आणि तू उभा राहून म्हणालास, माझ्या पोरानं केलं. माझी चूक नव्हती असं मी कधीच म्हटलं नाही. बाप असून तू सांगितलंस, एवढंच माझं म्हणणं आहे. आज परत त्यावरून भांडायला बसलोय, पण अंगात पहिल्यासारखा जोर नाही. दमलोय. तुला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीपर्यंतच शिकलो, तेव्हा अक्षर कसं आहे ते बघू नकोस.

मी इथे काय करतो ते तुला ठाऊक नाही. तू होतास तेव्हा मी खडी फोडत होतो. आता मी उत्तरेत आहे, समुद्रापासून इतका लांब की इथल्या लोकांना सुका बोंबील दाखवला तर ते नाक धरतात. एक लहान विमानतळ आहे. पोरं विमान चालवायला शिकतात ते. त्याची धावपट्टी बांधायला मुकादमाबरोबर आलो आणि मागे राहिलो. मैदानाच्या एका टोकाला रविवारी कॉलेजचे विद्यार्थी ग्लायडर उडवतात. माणूस बसतो तो नव्हे, लहान, लाकडाच्या कांबीचा आणि कागदाचा, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फूट. इंजिन नाही. दोरीने ओढून वर सोडायचा, मग तो आपला आपण तरंगतो. त्यातल्या एकाच्या पोटात रेडिओ आहे. जमिनीवर पेटी, पेटीला उंच तार, पेटीवर बटण. बटण दाबलं की वरच्या ग्लायडरचं शेपूट वळतं. मध्ये दोरा नाही, काही नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तू आठवलास. वाटलं, हा म्हणेल, सोंगं हायत.

पण या सोंगाला नियम आहेत. फळ्यावर लिहिलेत, आणि फळ्याखाली मी उभा असतो, लाल बावटा घेऊन. विमान येणार असं टॉवरवरून कळलं की मी बावटा वर करायचा, आणि सगळ्यांनी आपापली मॉडेलं खाली आणायची. आणि कधीही, विमान असो नसो, चारशे फुटांच्या वर जायचं नाही. कारण उतरण्याआधी विमानं आठशे फुटांवरून मैदानाला वळसा घालतात. खालची हवा मॉडेलांची, वरची विमानांची, आणि मधली कुणाचीच नाही, ती मोकळी ठेवायची. हे मला विमानतळाच्या साहेबांनी समजावलं तेव्हा मी हसलो. त्यांनी विचारलं, का हसतोस. काय सांगणार? आमच्याकडे हे सगळं एका ओळीत होतं. होड्या बाहेर असल्या तर पतंग माडाच्या वर न्हाय.

चारशे फूट कसे मोजायचे हे कुणालाच धड येत नव्हतं. दुर्बिणीतून बघायचे आणि भांडायचे. मी हात लांब केला आणि करंगळी धरली. तूच शिकवलं होतंस, मचव्यावर, किनारा किती लांब आहे ते बघायला. तू माझा अंगठा माडाला लावायचास आणि मी मध्येच हात आखडायचो, तर ओरडायचास, "कोपर वाकवू नगो. कोपर वाकला की इशेब चुकला." इथे दोरी मोजून ग्लायडर वर चढवला आणि ताडून पाहिलं. चारशे फुटांवर त्याचे दोन्ही पंख माझ्या करंगळीच्या नखात बरोबर मावतात. पंख नखापेक्षा लहान दिसले की समजायचं, वर गेला. साहेब आधी हसले, मग त्यांनी स्वतःची करंगळी धरून पाहिली, ती जाड निघाली. तेव्हापासून मैदानात म्हणायचे, रेडिओला सरकारचा परवाना लागतो, उडवायला टॉवरची परवानगी लागते आणि उंचीला याची करंगळी. मला बरं वाटायचं. चौथी शिकलेल्या माणसाला कोण विचारतं?

आता तो दिवस. माझा तो, तुझा तो, दोन्ही सांगतो, नाहीतर तुला कळायचं नाही. तुझा तर तुला ठाऊकच आहे, पण माझ्या तोंडून तू तो कधी ऐकला नाहीस.

मी चौदाचा. टेकाडावर म्हातारा बसलाय, बांबूला पांढरं कापड गुंडाळून. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध, ओहोटीला त्यावर लाटा फुटतात. पाणी कमी असलं की म्हातारा कापड वर करणार, आणि होड्या बाहेरच थांबणार. कापड खाली असलं तर आत यायचं. त्या कामाचे त्याला होडीमागे दोन मासे. त्या दिवशी पाणी चांगलं आहे, कापड खाली आहे, म्हातारा बिडी ओढतोय. आणि मी टेकाडाच्या मागच्या बाजूला पतंग सोडलाय. कागदाचा नाही, कागद वाऱ्याने फाटायचा. तुझं जुनं मलमलीचं मुंडासं होतं, त्याचा केलेला, माझ्याएवढा उंच, पांढराशुभ्र. जाळ्याचा दोरा लावला होता. माडाच्या वर गेला, टेकाडाच्या वर गेला, आणि मी दोरा सोडतच राहिलो.

तुम्हाला समुद्रावरून टेकाडाच्या वर पांढरं दिसलं. सातही होड्या थांबल्या. ओहोटी लागली, मग खरंच पाणी कमी झालं, मग भरती येईतो संध्याकाळ. बोंबील तो, थांबतो थोडाच? आत आलात तेव्हा मुरुडचा व्यापारी बर्फ घेऊन परत गेला होता, आणि टोपल्यांतून पाणी गळत होतं. सगळ्या बायकांनी मिळून ते वाळूवर ओतलं. आयनेही ओतलं. घरी येऊन तिने मुंडाशाची पेटी उघडून पाहिली आणि परत बंद केली.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर म्हाताऱ्याला उभं केलं. तो म्हणाला, "मी कापड वर केलं न्हाय." कुणीतरी म्हणालं, "मंग सफेद काय तुज्या सासऱ्यानं दावलं?" हसले सगळे. दुसरा म्हणाला, "डोलं तर गेलंच हायत त्याचं, आता हातबी आपलं आपण चालतात." परत हसले. पाटील म्हणाले, बांबू दुसऱ्याला देऊ या. म्हातारा हात जोडून उभा. मी तुझ्या मागे बसलेलो, तुझी पाठ बघत. आणि तू उठलास.

"त्यानं न्हाय केलं. माज्या पोराचा पतंग व्हता. माज्याच मुंडाशाचा."

मी म्हणालो, वाऱ्यानं ओढला, दोरा हातातून सुटला. कुणी ऐकलं नाही. आपली होडी तीन दिवस ओढून ठेवली, आणि मी म्हाताऱ्याजवळ हंगाम संपेपर्यंत बसायचं, कापड वर-खाली करायचं, असं ठरलं. घरी आल्यावर मी तुला म्हणालो, "तू बाप हायस का पोलीस? तुजं काय जात व्हतं गप बसायला?" तू जाळं घेऊन बसला होतास. वर न बघता म्हणालास, "म्हाताऱ्याच्या वाट्याचं दोन मासं तू खाणार व्हतास का?" एवढंच. हंगाम संपला त्या आठवड्यात एस.टी. पकडली.

आता माझा दिवस, तीन रविवारांपूर्वीचा. रेडिओवाला विद्यार्थी, चांगला मुलगा, दोन वर्षं समोसा काय चहासुद्धा न घेता पैसे साठवून त्याने ती पेटी केलीये. ऊन कडक आहे. ग्लायडर दोरीवरून सुटतो, आणि नांगरलेल्या शेतावर गरम हवा असते तिच्यात शिरतो. घारीसारखा गोल गोल वर. मी करंगळी धरतो. नख भरतंय. मग नखाच्या कडा दिसायला लागतात. मी ओरडायला पाहिजे. मी ओरडत नाही, बघत राहतो. मलाही तो वर जाताना बरं वाटतंय, बा, खोटं कशाला सांगू. टॉवरवरून घंटा होते तेव्हा तो निम्म्या नखाएवढा आहे. निम्मं नख म्हणजे आठशे फूट. मी बावटा वर करतो, विद्यार्थी बटण दाबतो, दाबतो, शेपूट वळत नाही. शिकाऊ मुलाचं विमान वळसा घालून येत असतं, ते एकदम तिरकं होतं, उतरायचं सोडून परत वर जातं. ग्लायडर पंधरा मिनिटांनी आपला आपण एका बाभळीत येऊन बसला. कुणाला काही झालं नाही.

साहेबांनी मला बोलावलं. हिंदीत विचारलं, नख पूर्ण होतं की अर्धं? विद्यार्थी दाराशी उभा. त्याची परवानगी जाणार हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी म्हणालो, पूर्ण. चारशेच्या आत. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे दुसरं कोणी नव्हतं, तू होतास, देवळासमोर उठून उभा राहिलेला. मनात म्हटलं, बघ, असं गप बसायचं असतं. त्या पोराने मला चहा पाजला. पैसे साठवणाऱ्याचा चहा.

दोन आठवडे छान गेले. मग खाणावळीत तो शिकाऊ विमानवाला एकटाच जेवताना दिसला. शेतकऱ्याचं पोर, हात माझ्यासारखे. खानसामा म्हणाला, याला घरी धाडणार आहेत. याने सांगितलं होतं, मॉडेल माझ्या पंखाच्या रेषेत होतं. पण बावटेवाला म्हणतो, चारशेच्या आत होतं. म्हणजे हा घाबरला, आणि वर खोटं बोलला. घाबरणाऱ्याला विमान कोण देणार? खानसाम्याला ठाऊक नव्हतं की बावटेवाला मीच. त्याने मला आणखी एक रोटी वाढली.

मी दोन दिवस काही केलं नाही. सगळं ठाऊक असून काही केलं नाही. त्या पोराचा हात ताटात नुसता फिरत होता, आणि मला तो म्हातारा दिसत होता, हात जोडलेला. बरं, मी टेकाडावर त्याच्याशेजारी चार महिने बसलो होतो. त्याला खरंच दिसत नव्हतं, तो लाटेच्या आवाजावरून पाणी ओळखायचा. आणि एकदाही चुकला नाही. त्याने मला एकदाही पतंगाबद्दल विचारलं नाही. आपल्या वाट्याच्या दोन माशांतला एक मला द्यायचा, आणि मी घ्यायचो.

आज सकाळी साहेबांकडे गेलो. म्हणालो, नख अर्धं होतं. साहेबांनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाले, "तो उस दिन झूठ बोला?" मी म्हणालो, हां साब. त्यांनी माझ्या हातातून बावटा घेतला. रागाने नाही, सांभाळून घेतला, त्याचं मला जास्त लागलं. उद्यापासून मी गवत कापायला, रोजावर. शिकाऊ मुलाचं नाव यादीत परत लागलं. रेडिओची पेटी कपाटात कुलूपबंद, या वर्षी उडवणं नाही. विद्यार्थी बाहेर थांबला होता. भांडला नाही, एवढंच म्हणाला, "भैया, आपका क्या जाता था?" तुझं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, बा. पण म्हाताऱ्याच्या दोन माशांचं हिंदीत काय सांगू? त्याच्याकडे बघवेना, खाली बघत राहिलो. मग कळलं, तू त्या दिवशी जाळ्यातून मान का वर केली नाहीस ते. मला वाटायचं राग होता.

आयचं पत्र आलंय, शेजारच्या पोरीने लिहिलेलं. म्हातारा गेल्यावर बांबू आता त्याच्या नातवाकडे आहे. कापड वाऱ्याने फाटलंय, पिठाचं पोतं उसवून बांधलंय, ते मळकं आहे, लांबून दिसत नाही म्हणतात. मनीऑर्डरच्या कुपनावर चारच ओळी मावतात, तिथे कापडाचं लिहीन. हे कागद मात्र माझ्याजवळच राहतील. धाडले तर आयला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागतील, आणि परत सगळ्यांसमोर माझं नाव निघेल.

एक राहिलं. दोरा सुटला नव्हता. वाऱ्याने ओढला नव्हता. मी सोडला, संपेपर्यंत सोडला. तू बाहेर होतास, आणि आपल्या मुंडाशाचा पतंग तुला समुद्रावरून दिसावा असं मला वाटत होतं. तो दिसला, म्हणून तर तुम्ही थांबलात.

आयला नेहमीचे वीस धाडतोय, आणि वर पांढऱ्या कापडाचे तीन. तेवीस रुपये.