सरळ झाडं राखायची

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परवा भर ऑफिसात तुमच्यामुळे माझी शोभा झाली.

हिमाचलात तुम्ही फॉरेस्ट ऑफिसर. तोडायच्या पाइनवर हातोड्याने शिक्का मारायला निघालात की मी मागे. एकदा ऐटीत सगळ्यात सरळसोट झाड दाखवलं, तर तुम्ही खेकसलात, "हे तोडलं तर बी कुणाचं पडणार? त्या वाकड्याचं?" आणि शिक्का वाकड्यावर. ठेकेदार कपाळाला हात लावतो, "साब, ये टेढ़ा कौन लेगा?" घरी आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, "जंगलातली वाकडी बरोबर दिसतात यांना, स्वतःच्या भावंडांतली नाही दिसत." रविवारी तुम्ही माझ्या हातात खराटा द्यायचात. गळलेल्या पानांचा जाड थर झाडायचा, म्हणजे बी मातीला टेकेल. साहेबांची मुलगी जंगल झाडते म्हणून अख्खी कॉलनी हसायची. तरी रोप दिसेना, तेव्हा मी भोकाड पसरलं. तुम्ही म्हणालात, "उभ्याने दिसत नाही. वाक."

आता मी दोहात एका लाकूड आयात करणाऱ्या कंपनीत खरेदी बघते. आमचा सप्लायर 'निवडक तोड' करणार होता, म्हणजे निवडून सगळी सरळ झाडं. सरळ राखा, वाकडी तोडा, म्हणून मी अडून बसले. मॅनेजर वैतागला, "मॅडम, हमको दरवाज़े बनाने हैं, जंगल नहीं. खलास!" पण तोडलेल्या जागी जंगल पुन्हा उगवलं पाहिजे, ही गिऱ्हाईक हॉटेलचीच अट होती, म्हणून माझं चाललं. कंटेनर भरून गाठाळ, वाकडंतिकडं लाकूड आलं. सुतार मला बघितलं की तुमच्या ठेकेदारासारखे कपाळाला हात लावायचे. मॅनेजरने बजावलं, "पौधे नहीं आए तो अगला ऑर्डर और आपकी कुर्सी, दोनों इन्शाल्ला."

दोन वर्षांनी सप्लायरने फोटो पाठवला. त्यात नुसतं गवत. मॅनेजर मागे उभा, आणि मी टेबलाला गाल टेकवून स्क्रीनकडे खालून बघतेय. शेवटी सप्लायरला लिहिलं, जमिनीवर आडवे पडा आणि मग फोटो काढा.

परवा तो फोटो आला. राखलेल्या झाडाच्या पुढ्यात, गवताच्या बुडाशी, बोटभर हिरवं रोप. त्यामागे आणखी दोन.

"बाबा, आलं!" मी ओरडले. सगळ्या माना वळल्या.

मॅनेजरने विचारलं, "किसको बोला?"

"सप्लायर को," मी म्हटलं. खरं सांगायला गेले असते तर तिथेच रडले असते.