तिसऱ्या काकांची बेडकं नापास

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. वाचणारा मी एकटाच, तेव्हा खोटं लिहिण्याचं कारण नाही.
अख्ख्या चंगहाय शहराची खेळणी आमच्या लॅबच्या टेबलावरून जगभर जातात. त्यांत विषारी काही नाही ना, हे मी बघतो. तरी अजून मला सेक्शन प्रमुख केलेलं नाही. आज आमच्या साहेब लू बाईंना विचारलं. म्हणाल्या, आहुई, आधी आहे त्या खुर्चीत स्थिर बस, मग मोठी माग.
संकल्प: स्थिर बसणे.

४ मार्च
बसलो. चहापर्यंत. मग उठलो. हवा इतकी दमट की भिंतींना घाम फुटलाय. अशात माणूस बसणार कसा?

५ मार्च
आज डोकं चाललं! बाटल्या शेवटच्या विसळायला सॉल्व्हंट ज्या नळीतून येतं, ती तडकली. नवी मागवायची तर अर्ज करा, सही घ्या, वाट बघा. ऑफिसच्या चहाच्या ट्रेखाली सांडलेला चहा बादलीत नेणारी नळी असते ना, तसलीच एक जादा कपाटात पडली होती. मऊ, पारदर्शक, कोरी करकरीत. बसवून टाकली. यानलिंग शेजारच्या टेबलावर खेळण्यांचे तुकडे कापते. ती म्हणाली, बाईंना विचारलंस? मी म्हणालो, पुढारी विचारत नसतो. म्हणाली, पुढारी कोण?
या मुलीला दूरदृष्टी नाही.

९ मार्च
कोरी चाचणी नावाचा एक मूर्खपणा आहे. प्रत्येक खेपेला एक बाटली खेळणं न घालता, रिकामीच मशीनला लावायची. रिकाम्या बाटलीत काय डोंबल सापडणार? ठरवलं, हे महिन्यातून एकदाच करायचं. कोणत्या महिन्यात, ते नंतर बघू.

१२ मार्च
खळबळ! बाहुली नापास. प्लास्टिक मऊ करणारं रसायन, पोरांच्या तोंडात जाऊ नये ते, मर्यादेच्या कितीतरी वर. दुपारी भोपूही नापास. संध्याकाळी लाकडी आगगाडी नापास! लाकूडसुद्धा मऊ करायला लागले हे लोक!
यानलिंग म्हणाली, लाकडात हे आलं कुठून? मी म्हणालो, हाच तर कट आहे. लू बाईंनी तिन्ही रिपोर्ट स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतले. घाबरल्या असाव्यात.
जागेवर बसवत नाही. गच्चीवर जाऊन आलो. पुन्हा गेलो.

१६ मार्च
आज पिळल्यावर चूं करणारी बेडकं आली. पाकिटावर फक्त नंबर असतो, कारखान्याचं नाव नसतं. पण मी ओळखली. आईबाबा कामासाठी शेन्झेनला असायचे, मी तिसऱ्या काकांकडे वाढलो, आणि शाळेतून आल्यावर त्यांच्या कारखान्यात याच बेडकांचे डोळे रंगवले.
नापास.
नियम असा की नात्यातला माल आला तर साहेबांना सांगून बाजूला व्हायचं. पण बाजूला झालो असतो तर मी किती निःपक्षपाती आहे हे जगाला दिसलं कसं असतं? शिवाय चंगहायमध्ये नात्याबाहेरचा कारखाना शोधायला खाडीत बुडी मारावी लागेल. बाई बैठकीत होत्या. हा रिपोर्ट मीच सही करून धाडला.

१७ मार्च
काकांचा फोन. शिव्या खायची तयारी होती. म्हणाले, आहुई, तू स्वतः तपासलंस? हो म्हणालो. दोनदा? हो म्हणालो. (एकदा.) मग झालं, म्हणाले, पोरांच्या तोंडात जाणारी वस्तू आहे. बंदरावर निघालेला कंटेनर परत बोलावतो.
मागून काकू ओरडत होत्या, अहो, दुसऱ्या लॅबला तरी दाखवा! काका म्हणाले, घरचा पोरगा सांगतोय आणि परक्याला विचारू?

१९ मार्च
काकांनी सगळी बेडकं यंत्रात घालून चुरा केला. चहाला येईल त्याला सांगतायत म्हणे, माझ्या पुतण्यानं सख्ख्या काकालाही सोडलं नाही!
छाती भरून आली. आता प्रमुखपद कुठे जातंय? सत्काराला काय बोलायचं त्याची आरशासमोर तालीम केली.

२३ मार्च
लू बाईंना ती लाकडी आगगाडी पचत नव्हती. मला समोर उभं करून कोरी चाचणी करायला लावली.
रिकामी बाटली नापास.
मी म्हणालो, बाटली बनवणाऱ्या कंपनीवर छापा घालायला हवा. बाई खाली वाकून नळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ही मऊ कशानं असते रे?
त्याच रसायनानं. सॉल्व्हंट ते नळीतून ओढून घेत होतं आणि मी ते बाटल्याबाटल्यांत भरत होतो.
काचेची नळी लावून सगळं पुन्हा तपासलं. आगगाडी पास. बाहुली पास. बेडकं पास. बाहेर गेलेला चुकीचा रिपोर्ट एकच, माझ्या सहीचा. बेडकं कुणाची तेही सांगावं लागलं. बाई म्हणाल्या, रिपोर्ट चुकल्याचं पत्र मी परवा पाठवते. त्याआधी तू स्वतः जाऊन सांग.

२४ मार्च
पोट बिघडलं. त्यामुळे गेलो नाही. तसं फार बिघडलं नव्हतं.

२५ मार्च, सकाळ
पुलापर्यंत गेलो. काका कामात असतील म्हणून परत आलो.

२५ मार्च, संध्याकाळ
गेलो. दारातच पोत्यांत हिरवा चुरा भरून ठेवलेला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काकू तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रन लावून आत निघून गेल्या. काकांनी विचारलं, म्हणजे बेडकं चांगली होती? हो. सगळी? हो.
ते चहाचे कप विसळत राहिले. मला वाटत होतं मारावं त्यांनी. मग म्हणाले, गल्लीत कुणाला बोलू नकोस. तू प्रामाणिक आहेस असं मी सगळ्यांना सांगून बसलोय. लोकांना वाटू दे माल खराब होता. माल काय, पुन्हा करता येतो.
इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. नाही काका, मी स्वतः सगळ्यांना खरं सांगतो, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. खरंच होतं. तेवढ्यात समोरच्या कारखान्याचे मालक चहाला आले. माझ्याकडे बघून म्हणाले, हाच का तो?
काका म्हणाले, हाच.
मी कप घेतला आणि चहा प्यायलो.