चार वाजताचा फोन

५ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ. आणि सोबत एक दटावणी.

तुझं चार पानी रडगाणं पोचलं. चारही पानांवर भिंगरीच. पोरगी पंधरा वर्षांची झाली, शाळेतून आली की दार लावून घेते, मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसते, हाक मारली तर खेकसते, जेवल्यावर ताट उचलत नाही, अंथरूण तसंच पसरलेलं. तुझ्या यजमानांना सांगावं तर ते पेपराच्या आडून एवढंच म्हणतात, तू म्हणशील तसं. आणि तू? दिवसभर वर्कशॉपमध्ये चष्म्याच्या काचा घासायच्या आणि सहाला घरी येऊन लेकीवर ओरडायचं. ओरडून घसा बसतो, दुसरं काही होत नाही.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एकतीस वर्षं काढली. त्यातली बारा, चाळीस मुलींची सुपरवायझर म्हणून. एकदाही आवाज चढवला नाही. जी उशिरा येई तिची मधल्या सुट्टीत घरी फोन लावायची सवलत बंद. दुसऱ्या दिवशी बाई दहा मिनिटं आधी खुर्चीत. तू तेच कर. इंटरनेटचा तो डबा बंद करून कपाटात ठेव. फोन मात्र तिच्याकडेच राहू दे. फोन ही गरज, इंटरनेट ही चैन, हा फरक लक्षात घे.

नियम वेगळ्या कागदावर लिहून पाठवते आहे, फ्रिजवर चिकटव. अंथरूण काढणे, ताट घासणे, अभ्यास वेळेवर, आणि पहिल्या हाकेला ओ. हे चार आठवडाभर नीट पाळले तर रोज अर्धा तास इंटरनेट. पाचवा नियम ठळक केला आहे: कुणासाठीही, कशासाठीही सवलत नाही. एकदा सवलत दिलीस की नियमाची चाळणी झालीच म्हणून समज.

हे सगळं फोनवर का सांगत नाहीस, असं तू दर वेळी विचारतेस. घरचं बोलणं फोनवर करू नये. मधली बाई ऐकते. मला ठाऊक आहे, कारण मधली बाई मीच होते.

मी ठणठणीत आहे. थंडीने हात जरा आखडतो, एवढंच. लोभ आहेच, त्याची काळजी करू नकोस. नियमांची कर.

तुझी,
ताई

१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

पाकिटावर तुझं नाव आहे, तेव्हा आई ते फोडणार नाही. तेवढी शिस्त आपल्या घरात अजून आहे.

गेला आठवडाभर रोज चार वाजता फोन साखरेच्या डब्याला टेकवून दाराच्या चौकटीपाशी उभी राहते. तू काही येत नाहीस. आधी वाटलं, परीक्षा असेल. मग वाटलं, ताप आला असेल. मग वाटायचं बंद केलं.

आपलं काय ठरलं होतं, त्याची आठवण देते. ऑक्टोबरात घड्याळाला किल्ली द्यायला मी स्टुलावर चढले, पडले आणि डावा खांदा मोडला. तू सहज म्हणून फोन लावलास आणि चित्रात प्लॅस्टर दिसलं. आईला सांगणार नाही, अशी शपथ मी तुला घातली, कारण तुझी आई त्याच दिवशी बॅग घेऊन आली असती, माझ्या घराला कुलूप लावून मला उचलून घेऊन गेली असती. प्लॅस्टर निघाल्यावर तूच माझी सुपरवायझर झालीस. तू मोजायचंस आणि मी बोटांनी चौकट चढायची. दर सुट्टीत तुझी उंची मोजून जिथे पेन्सिलीने रेघा मारल्या, तीच चौकट. मी टाच उचलून लबाडी केली तर तुला ती दिसते आणि तू पुन्हा एकपासून मोजायला लावतेस. एक्स्चेंजमध्ये माझ्याशी असं वागायची कुणाची छाती नव्हती.

नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी माझी बोटं तुझ्या अकराव्या वर्षाच्या रेघेला लागली होती. एकटीने करायला गेले की पाच झाले काय, दहा झाले काय, दुखलं की मी सोडून देते. आज नवव्या वर्षाला अडकले. डॉक्टरांनी दोन फेब्रुवारीला बोलावलं आहे. हात पंधराव्या रेघेच्या आसपास गेला नाही, तर भूल देऊन तो जोराने सैल करावा लागेल म्हणतात, आणि त्याला जवळच्या नातेवाइकाची सही हवी. ती कोण, हे तुला सांगायला नको. मग घराला कुलूप, आणि मी माझ्या ट्रंकेसकट तुझ्या खोलीत.

म्हातारीचा कंटाळा येणं साहजिक आहे. पण कंटाळा आला तर तसं सांगावं, नुसतं नाहीसं होऊ नये. लोभ उतरला असेल तर एका ओळीत कळव, नसेल तर दोन ओळी लिही.

मावशी

१७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि वर एक शाबासकी, आणि लगेच एक तक्रार.

तुझ्या नियमांनी कमाल केली. अंथरुणाची घडी अशी, की दवाखान्यातल्या नर्सने येऊन बघावी. स्वतःचं ताट घासते आणि माझंही घासते. हाक तोंडातून निघायच्या आत ओ येते. आमच्या वर्कशॉपमधल्या दोघींनी तुझ्या कागदाची नक्कल मागितली आहे. तू म्हणालीस तसा फोन तिच्याकडेच ठेवला. घड्याळ म्हणून वापरते बिचारी.

आता तक्रार. आठवडा पुरा झाल्यावर मी तिला म्हटलं, घे तुझा अर्धा तास. तर म्हणे, चार ते साडेचार हवा. मी म्हटलं, तेव्हा मी कामावर असते, आठ वाजता माझ्या समोर बस. तिने पुन्हा मागितला, अगदी गोडीत. मग रडली. चार वाजता असं काय आहे, विचारलं, तर म्हणाली की ते सांगायचा अधिकार तिचा नाही. ताई, अशा वेळी आईच्या मनात जे येतं ते सगळं माझ्या मनात येऊन गेलं. कुणी मुलगा आहे का, असंही विचारून बसले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की माझीच मान खाली गेली. तरी मी म्हटलं, खरं सांग, नाहीतर परीक्षेपर्यंत सगळं बंद.

हातातलं ताट तिने आपटलं नाही. हळूच खाली ठेवलं. मला तेच आवडलं नाही. म्हणाली, मग बंदच राहू दे.

तेव्हापासून चारही नियम चोख आणि तोंडातून एक शब्द नाही. घरात फ्रिजची घरघर ऐकू येते. आधी खेकसायची, निदान पोरगी घरात आहे हे कळायचं तरी. हे म्हणतात, दे तिला चारचा वेळ, काय बिघडतं? पण तुझा पाचवा नियम फ्रिजवरून माझ्याकडे डोळे वटारून बघतो. काय करू? लवकर कळव.

लोभ आहे तेवढा पुरे, थोडी अक्कल पाठव.

तुझी,
धाकटी

१९ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. (हे बरोबर लिहिलं ना? पुस्तकात बघून लिहिलंय.)

लोभ उतरलेला नाही. दोन ओळी मागितल्यास, दोन पानं लिहिते आहे.

मावशी, चार वाजताचा आपला फोन हा फोन नाहीये. ते इंटरनेटच आहे! माणूस दिसतं ते इंटरनेटवरून. माझ्या मोबाइलमध्ये कार्डसुद्धा नाही, घरातला डबा चालू असला तरच तो चालतो. तो डबा आता आईच्या कपाटात आहे, स्वेटरांच्या खाली. तुझ्या मोबाइलमध्ये मी गेल्या सुट्टीत इंटरनेट चालू करून दिलं, त्याला तू हिरवं बटण म्हणतेस.

फ्रिजवर तुझ्या अक्षरातला कागद बघितला तेव्हा मला काय वाटलं, सांगू? वाटलं, तुलाच कंटाळा आला. वीस वेळा हात वर करायचा त्रास चुकवायला तू हा मार्ग काढलास. पाचवा नियम तर मला वाटलं खास माझ्यासाठीच लिहिलायस. दोन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते, की तिसऱ्या दिवशी रडू आलं. मग ठरवलं, सगळे नियम असे पाळायचे की आईला चारचा वेळ द्यावाच लागेल. अंथरूण, ताटं, ओ, सगळं त्यासाठी. (अंथरुणाची घडी मला आवडायला लागली आहे, पण हे आईला सांगू नकोस.)

पण चार वाजता कशाला, याचं उत्तर शपथ न मोडता देता येत नाही. रात्री आठला आईसमोर तुला फोन लावला असता तर तिला हात दिसला असता. आईला वाटतं की कुणी मुलगा आहे. मी तिला काय सांगू, की अडुसष्ट वर्षांची बाई आहे आणि ती टाचा उचलून फसवते?

शपथ तू घातलीस, तूच सोडव. मी स्वतःहून सांगणार नाही. पण नवव्या रेघेवर राहू नकोस, प्लीज. भिंतीकडे तोंड करून मोठ्याने मोज. मी इथे चार वाजता रोज मोजते. खरंच. वीसपर्यंत.

लोभ इतका आहे, की पाकीट चिकटत नाहीये.

तुझी,
भिंगरी

२२ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ. हे पत्र बसून वाच.

सगळ्यात आधी कपाट उघड, स्वेटरांखालचा डबा काढ आणि चालू कर. मग पुढचं वाच.

चार वाजता कुणी मुलगा नाही. चार वाजता मी आहे. ऑक्टोबरात मी स्टुलावरून पडले आणि डावा खांदा मोडला. आता हाड जुळलं आहे, हात वर जात नाही. तुझी लेक रोज अर्धा तास माझ्याकडून व्यायाम करून घेत होती आणि मी तिला शपथ घालून गप्प बसवलं होतं. मला अंबाडा घालता येत नाही, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हेही सांगते, की गेले तीन महिने माझे केस खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई बांधून देते. तिची एकच तऱ्हा आहे, दोन वेण्या. मी शाळकरी मुलीसारखी दिसते.

आता माझी चूक. आवाज येतो त्या यंत्राला मी आयुष्यभर फोन म्हणत आले. त्यात माणूसही दिसायला लागलं, तेव्हा वाटलं, फोन सुधारला. तो इंटरनेटवर चालतो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. फोन तिच्याकडे राहू दे, असं मी तुला बजावलं ते तिच्यासाठी नव्हतं, माझा चारचा वेळ चुकू नये म्हणून होतं. म्हणजे पाचवा नियम लिहिताना मी स्वतःसाठी सवलत ठेवलीच होती, आणि तीही चुकीच्या जागी. एकतीस वर्षांत हजारो लाइनी जोडल्या आणि तोडल्या. चुकून तोडलेली ही पहिली, आणि ती माझीच.

तुझ्या पोरीने आठवडाभर घर चकचकीत केलं ते माझ्या हातासाठी. तू मुलाचा संशय घेतलास तरी शब्द मोडला नाही. ती तुझ्यावर गेलेली नाही. तू लहानपणी आईला माझ्या सगळ्या चहाड्या सांगायचीस. तिची माफी माग. मीही मागणार आहे.

एक विनंती आहे. विनंती हा शब्द मी सहसा वापरत नाही. बॅग घेऊन येऊ नकोस. मला माझ्या घरात राहायचं आहे. दोन तारखेपर्यंत मला आणि तिला वेळ दे. हात वर गेला नाही तर मी स्वतः तुला सहीसाठी बोलावेन, आणि मग तू म्हणशील तसं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस. रागावायचा हक्क आहे तुला.

तुझी,
ताई

२५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. आज वि. वि. नाही. आज विनंती नाही, विशेषही नाही.

तुझं पत्र मी कामावर नेऊन वाचलं आणि एक चांगली काच वाया घालवली. तीन महिने! शिंपीणबाईला माहीत, भिंगरीला माहीत, आणि मी कोण? थंडीने हात आखडतो म्हणे.

बॅग भरली होती, खोटं कशाला सांगू. भिंगरीने कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले. म्हणाली, तू मावशीच्या उशाशी जाऊन बसलीस तर ती हात उचलणार नाही, हट्टाने उचलणार नाही, मी ओळखते तिला. मग मी तिला जवळ घेतलं. माफी मागितली. ती म्हणाली, मुलाचं ऐकून हसू आलं होतं तिला, पण हसायची सोय नव्हती.

काल अर्धी रजा घेऊन चारला घरी आले आणि दाराबाहेर उभी राहिले. तुम्हा दोघींना कळलं नाही. ती मोजत होती. तेराला तू थांबलीस तर म्हणाली, टाच खाली, पुन्हा एकपासून. तू ऐकलंस, ताई! माझं जन्मात कधी ऐकलंस? मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि कांदा नसताना रडून घेतलं.

सोबत तिने तुझ्यासाठी केलेला कागद आहे. तुझ्या फ्रिजवर लाव. स्टुलावर चढायचं नाही, घड्याळाला किल्ली शिंपीणबाई देईल, दुखलं तर दुखलं म्हणायचं, आणि वीसचा आकडा पुरा झाल्याशिवाय संध्याकाळची मालिका बंद. पाचवा नियम तिने तुझ्या अक्षरावरून गिरवला आहे. आमच्या फ्रिजवरचा कागद मी काढून टाकला होता, तो तिने परत लावला. फक्त पाचवा नियम कात्रीने कापून.

सहीला मी तयार आहे. सही करावी लागू नये, म्हणून त्याहून जास्त तयार आहे.

लोभ आहे, आणि तो बॅगेसकट दाराशी उभा आहे हे विसरू नकोस.

तुझी,
धाकटी

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

काल डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला. मी केला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा करायला सांगितला. भूल नको, सही नको, आणखी दोन महिने व्यायाम, असं म्हणाले. कोण करून घेतं, विचारलं. मी म्हटलं, माझी सुपरवायझर फार कडक आहे.

घरी येऊन चौकट चढले. टाचा खाली होत्या, शिंपीणबाई साक्षीला आहे. बोटं तुझ्या तेराव्या वर्षाच्या वर गेली. पंधरावं दोन बोटं राहिलं. तू मात्र पुढच्या सुट्टीत येशील तेव्हा सोळाची रेघ मारावी लागेल, म्हणजे माझी सुटका काही नाही.

आज सकाळी अंबाडा मी घातला. वाकडा आहे, एका बाजूला कलला आहे, शिंपीणबाईने पाहून तोंड फिरवलं. मी तो दिवसभर तसाच ठेवणार आहे. मालिका परवापासून बघते, तुझ्या नियमात बसून.

हे पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी चार वाजता तुझ्या आईला रजा घ्यायला सांग. मोजायला नको, नुसती शेजारी बसू दे. अंबाडाही दाखवीन. तिला म्हणावं, आता घरचं बोलायला हरकत नाही. मधली बाई आठ वर्षांपूर्वीच निवृत्त झाली.

लोभाबद्दल काय लिहू, तू तो रोज वीसपर्यंत मोजतेसच.

मावशी