बंद पडला की सुकतं

सोमवार, ६ जानेवारी

लागले एकदाची नोकरीला! लोणी काळभोरहून सकाळची बस, स्वारगेटला उतरून दुसरी, तिथून शनिवार पेठेत चालत. दुकान साडेनऊला उघडतं, मी नऊलाच पायरीवर. आपटे सर आले, घड्याळाकडे बघून म्हणाले, "लवकर येण्याचे वेगळे गुण नाहीत." आणि आत गेल्यावर पहिला चहा माझ्यासाठीच सांगितला.

सरांचं नाव श्यामसुंदर. वय पासष्टच्या पुढे. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि आता लॅपटॉप दुरुस्त करतात. दुकान म्हणजे गल्लीतली तळमजल्याची एक खोली आणि पुढे शटर. मला माझं स्वतःचं टेबल मिळालंय. त्यावर भिंगाचा दिवा आहे आणि किल्लीचा खण आहे. एक ते चार दुकान बंद असतं. सर घरी जेवून झोपतात. मी लांबून येते म्हणून मला आत डबा खाऊन बसायची परवानगी आहे.

ही डायरी पप्पांनी दिली. पोस्टात त्यांना दरवर्षी मिळते. म्हणाले, अस्मिता, रोज काय शिकलीस ते लिहीत जा. आज शिकले ते हे: रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, नखाने कधीच नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

आज तीन लॅपटॉप केले. सर म्हणाले, एकही बिघडवला नाहीस, पुष्कळ झालं. ही शाबासकी होती असं मी धरून चालले आहे.

दुपारी चारनंतर सरोजिनीबाई म्हणून एक गिऱ्हाईक आलं. सत्तरीच्या असाव्यात. कडक इस्त्रीची सुती साडी, नीट अंबाडा, आणि छातीशी टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप. बारा-तेरा वर्षांचा जुना. ह्यांचा आहे, म्हणाल्या. दोन तासांत अडकतो आणि बंद पडतो, तेव्हा मेमरी वाढवून हवी. सर म्हणाले, या वयात माणसंसुद्धा निवृत्त होतात, नवा घ्या. त्यांनी नकार दिला. मी सुचवलं की आतल्या फाइली दुसऱ्या लॅपटॉपवर काढून देते. त्या माझ्याकडे बघून हसल्या. "त्यात असलेलं मला काही नकोय गं. तो फक्त बंद पडायला नको."

बुधवार, ८ जानेवारी

आज तो उघडला. टॉवेल सोडताच वास आला. जुनं तूप आणि भिजलेलं चामडं एकत्र केल्यासारखा. सरांनी खिडकी उघडली.

खालच्या झाकणाचे अकरा स्क्रू काढून सवयीप्रमाणे ओठांत धरले. एक ओशट, खारट लागला. थुंकले, तोंड धुतलं.

आत रॅमच्या पट्ट्यांसाठी दोन स्लॉट, म्हणजे खाचा, त्यांत दोन-दोन जीबीच्या पट्ट्या. त्यांच्याखाली तपकिरी, मऊ मेणासारखं काहीतरी. सरांचा अंदाज, चहा सांडला असेल किंवा आत पाल मेली असेल. असं होतं म्हणे.

जुन्या पट्ट्या काढून आठ-आठच्या दोन नव्या लावल्या. तीन बीप आणि काळी स्क्रीन. एकच लावली, तीन बीप. स्लॉट बदलला, तीन बीप. सरांनी समजावलं की पट्टी खाचेत बसते म्हणजे चालते असं नाही. हा बोर्ड एका स्लॉटला चारच्या वर घेत नसेल, किंवा पट्टीचा वेग जुळत नसेल. उद्या दुकानातली तपासणीची पट्टी लावून बघायची.

गुरुवार, ९ जानेवारी

तपासणीची पट्टी याच वेगाची, चार जीबीची. चालायलाच हवी होती. तीन बीप.

मग पट्टीच खराब आहे का ते बघायला ती दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपमध्ये घातली. चालली, पण चारऐवजी साडेतीन दाखवले. तिसऱ्यात घातली, तिथे तीन. दिवसभरात अशी पाच लॅपटॉपमधून फिरवली. प्रत्येक वेळी आकडा कमी. शेवटी बाहेर काढली तर दातांवर तपकिरी साय. घासली तर रबराला चिकटून तार निघाली. पिकलेल्या फोडातून निघते तशी.

मोरीत जाऊन ओकले. डबा तसाच परत नेला.

शुक्रवार, १० जानेवारी

स्लॉट स्पिरिटने साफ करायला बसले. चाळीस कापूसकाड्या झाल्या. पुसलं की खालून पुन्हा पाझरतं. लॅपटॉप बंद होता, बॅटरी काढलेली होती, तरी कोमट लागत होता.

भिंगाखाली धरलं. एक पांढरा केस, मुळासकट. आणि पापडासारखा पातळ एक तुकडा, त्यावर बारीक गोल रेषा. बोटाच्या टोकावर असतात तशा.

सरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि भिंग हळूच बाजूला केलं. मग संपतरावांना फोन लावला. ते सरांचे मित्र, बाईंच्याच सोसायटीत राहतात. बोलणं झालं. मी तीनदा विचारलं तेव्हा सरांनी सांगितलं.

बाईंचे यजमान गेल्या मे महिन्यात वारले. टेबलाशी काम करता करता गेले, तोंड की-बोर्डवर. शेजाऱ्यांना वास असह्य झाला तेव्हा त्यांनी दार ठोठावलं. अकरावा दिवस होता. मला वाटलं बाई परगावी असतील. नव्हत्या. दार त्यांनीच उघडलं. पोलिसांना म्हणाल्या, ह्यांचं काम चालू होतं, उठवलं नाही. लॅपटॉप तेवढा द्यायला तयार नव्हत्या. पंचनाम्यानंतर महिन्याभराने खेटे घालून परत आणला.

अकरा दिवस. मे महिना. आणि ते अकरा स्क्रू माझ्या ओठांत होते.

मिठाच्या पाण्याने चूळ भरली. मग साबणाने. मग भांड्यांच्या पावडरीने. जिभेची सालं निघाली तरी मी थांबत नव्हते. सरांनी हात धरून थांबवलं.

शनिवार, ११ जानेवारी

त्या पाचही लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये आज तपकिरी आलंय. सरांनी ते ओळीने मांडून वर वर्तमानपत्र घातलं आणि गिऱ्हाइकांना एकेक फोन करत बसले. आयुष्यात पहिल्यांदा माफी मागताना ऐकलं असेल लोकांनी त्यांना. चूक माझी, पण माझं नाव कुठे घेतलं नाही.

बाईंना फोन केले, उचलत नाहीत. सरांनी तो लॅपटॉप तीन पिशव्यांत बांधून कोपऱ्यात ठेवला. मग मला स्वतःच्या स्कूटरवर डॉक्टरकडे नेलं. घसा, जीभ, रक्त सगळं बघितलं. काही नाही. सर म्हणाले, "चला, काही नाही हे ऐकायला दीड तास बसलो." पण परतताना स्कूटर फार हळू चालवत होते.

रविवार, १२ जानेवारी

सुट्टी. आईने मटण केलं होतं. ताटावरून उठले. आई म्हणाली, "काय झालंय तुला? तोंड कसं हाय बघ आरशात." सांगितलं नाही. काय सांगणार?

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला वास आहे. नखाखाली. फिनेलने धुतलं, लिंबू चोळलं. जात नाही.

संध्याकाळी भाच्याला अंकलिपी शिकवत होते. त्याने विचारलं, मावशी, बोट सारखं नाकाशी का धरतेस? मला कळलंच नव्हतं.

सोमवार, १३ जानेवारी

सर गिऱ्हाइकांकडे गेले होते. बाई आल्या.

मी दारातच सांगितलं, बोर्ड नवी मेमरी घेत नाही, जुळत नाही, घेऊन जा. त्यांनी शांतपणे ऐकलं. पिशव्या सोडल्या, झाकण काढलं, आठची नवी पट्टी उचलली आणि पोळीला तूप लावावं तशी तिच्या दातांना ती साय लावली. दोन्ही बाजूंनी. मग दुसरीला. बसवल्या. बटण दाबलं.

एकही बीप नाही. स्क्रीनवर सोळा जीबी.

पंखा सुरू झाला. आतून गरम वाफ आली. मी नाक दाबायला हात उचलायला गेले आणि — हात वर गेलाच नाही.

म्हणाल्या, "बंद पडला की सुकतं गं. मग खरवडावं लागतं."

मला आधी समजलं नाही. त्यांनी करंगळी स्लॉटच्या कडेने फिरवली आणि तोंडात घातली. डोळे मिटले. मी भिंतीला टेकून ओकले. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी. त्यांनी माझी पाठ चोळली, आईसारखी.

"पहिले दोन दिवस मलाही मळमळलं."

चालू ठेव, सोळा टिकतात का बघ, परवा नेते, असं सांगून गेल्या. सरांना सांगायला हवं होतं. खणात ठेवला. चार्जर लावून.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सरांनी तिळगूळ दिला. म्हणाले, गोड बोलायचा आग्रह नाही. तोंडात टाकला, वाळू लागली. रुमालात थुंकला. त्यांनी पाहिलं.

खण कोमट आहे. टेबलाच्या वरूनसुद्धा कळतं.

तीन दिवस पोटात अन्न नाही. आज वास तसा — वाईट नाही. तळणीसारखा.

छे. काय लिहितेय मी.

बुधवार, १५ जानेवारी

बाई न्यायला आल्या. मी म्हटलं, अजून झाला नाही. पुन्हा तीन बीप येताहेत.

खोटं बोलले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर राग. मग भीती. तोंडाला पाणी सुटलेलं, पदराने पुसत होत्या. शी. किती किळसवाणं दिसतं ते.

सरांनी त्यांना बाहेर काढलं. मला वाटतं सरांना कळलंय खणात काय आहे. किल्ली मागितली. हरवली म्हटलं.

गुरुवार, १६ जानेवारी

एक ते चार. शटर आतून ओढून घेतलंय.

नुसतं बघणार होते. अजून सोळा आहेत का. आहेत.

कापूसकाडीने घेतलं. टोकाएवढंच. केस बाजूला काढून.

ओकारी आली नाही.

शुक्रवार

सकाळी सर गिऱ्हाइकांकडे गेले, तेव्हापासून शटर ओढून आतच. आईचे फोन. पप्पांचे. बोटाचं नख स्लॉटमध्ये अडकून निघालं, दुखलं नाही. आकडा वाढला. आता बत्तीस दाखवतोय. बोर्ड एवढं घेतच नाही, सर म्हणाले होते — घेतो की

वर्तमानपत्राखालचे पाच. तेही चालू केले.

दुपार

शटर वाजतंय. सर आहेत. अस्मिता, बाळ, उघड, म्हणताहेत. बाळ कधी म्हणाले नव्हते. तुझे पप्पा येताहेत, मी कुणाला काही सांगणार नाही, फक्त उघड.

त्यांचा आवाज रडका आहे. मला वाईट वाटतं. खरंच. माझ्यासाठी किती केलं त्यांनी.

उघडलं.

आत आले. खाली बसले, तोंडावर रुमाल. माझ्याकडे बघवत नाहीये त्यांना. दोन दिवस जेवले नाहीत म्हणे, माझ्या काळजीने.

उपाशी माणूस. मी शटर पुन्हा खाली ओढलंय. म्हटलं, सर, रुमाल काढा. आधी नुसतं जिभेच्या टोकाला —