पेडणे स्टेशन आणि आत्याची सही

गुरुवार, दिवेलागण

पेडणे स्टेशनचा इतिहास उद्या सकाळी स्मरणिकेला द्यायचाय. तीनदा लिहिला, तीनदा त्याच वाक्याशी अडले: 'जमीनमालकांनी राजीखुशीने जागा दिली.'

राजीखुशीने? आज रूळ आहेत तिथे आमचं काजूच्या बागेचं भाट होतं, बाबांचं आणि आत्याचं, अर्धं अर्धं. आमच्या गोव्यात बहिणीचा वाटा बरोबरीचा, तिची सहीही लागते. आत्या नाही म्हणून बसली. मग बाबांनी संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी कॉलेजात होते, अक्षर सुरेख. आत्याची सही मी केली.

आत्या अजून पेडण्याला गाडीत चढत नाही. बसने थिवीला जाते आणि तिथून रेल्वे धरते. घरातले हसतात. मी विषय बदलते.

आज संध्याकाळी धीर करून तिच्याकडे गेले. विचारलं, "आत्ये, जमीन देणाऱ्यांत तुझं नाव घालू?" ती काजू फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "घाल गो बाय. माझा नाव तुझ्याच अक्षरात बरा दिसता."

म्हणजे ती सही कुणाची, हे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं. आणि दर चतुर्थीला माझ्यासाठी वेगळ्या खोबऱ्याच्या नेवऱ्या तळून धाडत होती.