सोडून दिलेली बत्तीस पानं

प्रिय प्रभाकरकाका,

ती बत्तीस पानं शेवटी मी वाचली. परवा नागपूरहून परत येताना गाडीत वाचली, आन् हे सांगायले तुमच्याशिवाय मले दुसरं कोणी नाही. इथं तिरुपूरले माझ्या खोलीवर चौघं राहतात, मराठी एकालेही येत नाही. म्हणून मेलेल्या माणसाले पत्र लिहून राहिलो. हसू नका.

तुम्ही गेले त्या दिवशी काकूंचा फोन आला तेव्हा मी कापडाच्या गिरणीत लूमच्या मशिनीवर उभा होतो. काही ऐकू येत नव्हतं, मी आपला "हो, हो" म्हणत राहिलो. जेवणाच्या सुट्टीत परत फोन लावला तेव्हा समजलं की मी कशाले हो म्हटलं. तेरवीलेही सुट्टी भेटली नाही. ते माझ्या मनात आहेच.

तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा पुस्तकासाठी आलोच नव्हतो. नववी नापास माणसाले पुस्तक कशाले लागते? नागपूरले जरीपटक्याच्या बाजारात घरी कामठीले जायच्या ऑटोची वाट पाहून राहिलो होतो, आन् दोन कपड्यांच्या दुकानांमधे तुमच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात सावली दिसली.

"काहून बे, पुस्तक पाहिजे का सावली?"

"सावली."

"मग बस. पण इथं रिकाम्या हातानं बसत नाहीत."

आन् तुम्ही ती विहिरी खोदणाऱ्या दोन भावांची कादंबरी हातात दिली. वरून तुमची चिठ्ठी लावलेली, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लाल पेन्सिलीनं: 'तेहतीसाव्या पानापासून वाचा. आधीचं सोडून द्या, काही अडत नाही.'

प्रत्येक पुस्तकाले तुमची अशी चिठ्ठी असे. पुस्तक विकलं की चिठ्ठी काढून, तिच्यावर पुस्तकाचं नाव टाकून बिस्किटाच्या डब्यात. मी एकदा विचारलं, काका, चिठ्ठीखाली तुमचं नाव काहून नाही? तुम्ही म्हणाले, "मी समोर बसलो आहे, दिसून नाही राहिलो का तुले?"

आता तुम्ही समोर नाही. तेव्हाच नाव लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं, काका?

कारण तुमच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी विलास सर घरी आले. तेच, दर रविवारी तुमच्या स्टुलावर बसून चहा प्यायचे, चार पुस्तकं चाळायचे आन् एकही न्यायचे नाही. काकूंले म्हणाले, आठवण म्हणून चिठ्ठ्यांचा डबा नेतो. काकूंनी दिला. सर पोटच्या पोरासारखे रडले म्हणतात बाप्पा.

तो डबा नेऊन सरांनी काय केलं? नागपुरातच सदर बाजारात काचेचं दुकान थाटलं. कॉफी भेटते, बसायले गाद्या आहेत. आन् प्रत्येक नव्या कोऱ्या पुस्तकाखाली तुमची चिठ्ठी, छापलेली. खाली लिहिलं आहे, 'विलास सरांची शिफारस'. माझ्या बहिणीनं मोबाइलवर फोटो पाठवला. मी इथं दोन दिवस जेवलो नाही, शपथ.

मग चुलतभावाच्या लग्नाचं निमित्त करून सुट्टी काढली. कामठीले बॅग टाकली, तुम्ही दिलेलं पुस्तक घेतलं आन् सरळ सरांचं दुकान गाठलं. रविवार होता, गर्दी होती. तेच पाहिजे होतं मले.

दोन भावांची कादंबरी मधोमध मांडलेली. खाली छापील अक्षरात, 'तेहतीसाव्या पानापासून वाचा. आधीचं सोडून द्या, काही अडत नाही.'

मी विचारलं, "सर, पहिली पानं काहून सोडायची जी?"

सरांनी मले ओळखलं नाही. चष्मा वर करून म्हणाले, "अरे, सुरुवात रटाळ आहे फार. लेखकाची पकड तेहतीसाव्या पानावर बसते. मी तीनदा वाचून हे ठरवलं."

"पहिली बत्तीस पण तीनदा वाचली?"

"अर्थात."

बाजूची एक बाई मान हलवून राहिली होती. म्हणाली, "म्हणूनच मी सोडली हो ती पानं."

मग मी थैलीतून माझं पुस्तक काढलं. उघडून सरांच्या काउंटरवर ठेवलं. पहिलंच पान तेहतीसावं. त्याच्या आधी नुसती वाळवीनं खाल्लेली शिवण. म्हटलं, "सर, प्रभाकरकाकांच्या प्रतीत ही पानंच नव्हती. म्हणून त्यांनी तसं लिहिलं. तुमच्या प्रतीत कोणती वाळवी लागली?"

बाई आधी हसली. मग सगळे हसले. सरांचं तोंड कसं झालं ते तुम्ही पाहायले पाहिजे होतं. त्यांनी ती चिठ्ठी हळूच काढून खिशात घातली. मी त्यांच्याच दुकानातून कादंबरीची नवी प्रत घेतली आन् निघालो.

तुम्हालेही ती पानं कधी भेटली नाहीत, म्हणून सांगतो. काका, त्या बत्तीस पानांत मोठा भाऊ जिवंत आहे. आपण तर तो मेल्यावरच वाचायले लागलो होतो. तिथं तो गाणं म्हणत खोदते, लहान्याच्या वाट्याची भाकर खाते, वर शिव्याही देते. काही अडत नाही म्हणाले होते ना तुम्ही? किती अडते ते गाडीत समजलं मले. समोरचा माणूस विचारत होता, तब्येत ठीक आहे ना भाई.

आन् बत्तीसाव्या पानावर तो लहान्याले म्हणते, माझ्यासाठी कोणाशी भांडू नको, विहीर तेवढी पूर्ण कर. लहान्या पुढं पुस्तकभर भांडत फिरते ते आपल्याले माहीतच आहे. तुम्हीही मले तेच म्हटलं असतं. सोड बे लूमवाल्या, जाऊ दे. म्हणून ती पानं वाळवीनं खाल्ली ते बरंच झालं, नाही तर तेच पान दाखवून तुम्ही मले आधीच अडवलं असतं.

मी सोडणार नाही. सरांनी एकच चिठ्ठी काढली, बाकीच्या तिथंच आहेत. 'शेवट तुमचा तुम्ही ठरवा', ही त्यांनी काचेत लावली आहे, लोक वा वा करून राहिले. त्या पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं, तुमच्याकडून घेतलेलं ते पुस्तक माझ्या पेटीत आहे. 'चित्रं मनात पहा', त्यातली चित्रं कोणीतरी कापून नेली होती. तेही माझ्याकडंच आहे. दर सुट्टीले एक पुस्तक नेईन, रविवार पाहून, गर्दी पाहून. सगळं एकदम नाही. सरांले वाट पाहायले लावायची आहे.

आन् दोन भावांच्या कादंबरीची नवी चिठ्ठी मी आजच लिहिली. कॅलेंडरचा कागद, लाल पेन्सिल. पुढच्या सुट्टीत सरांच्याच काचेवर बाहेरून चिकटवीन. 'पहिल्या पानापासून वाचा. काहीच सोडू नका.' खाली मोठ्या अक्षरात तुमचं पूर्ण नाव.

विहीर पण पूर्ण करतो काका, आन् भांडण पण.

तुमचा,
लूमवाला संजू