कमचीच्या टोकाची दोन बोटं

बा, तुझी एक कुंडी इथं डोणगावला आहे, मी शिकवते त्या शाळेच्या ओट्यावर. मुलींनी तिच्यात गोडनिंब लावलाय. आज मुली घरी गेल्यावर मी ती फुटपट्टीनं मोजली. इतकी वर्षं मोजायचं टाळत आले होते. लांबी बावीस इंच भरली. कागदात चोवीस होती. तो कागद मला डोळे मिटले तरी दिसतो, आणि त्या कागदाबद्दलच तुला लिहायला बसले आहे. बोलताना मी तुला 'तुले' म्हणायचे, लिहिताना मात्र शाळेतलीच भाषा येते. ती तुझ्यामुळेच आली, म्हणून तीच राहू दे.

मी तेव्हा मराठी चौथीत होते. आपल्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिली, आणि तू हे आल्यागेल्याला सांगायचास. नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनातला कारकून वडनेरला आपल्या अंगणात आला, तेव्हाही त्यानं पाणी प्यायच्या आधी तुझ्याकडून हेच ऐकलं. कापूस घ्यायला आलेल्या जपानी साहेबाला झाडं बुटकी ठेवायचा नाद होता. वड, चिंच, पिंपळ, चांगली जुनी झाडं, पण गुडघ्याच्या वर नाहीत. साहेब आता मुंबईला जाणार होता आणि तिथं त्याला ती मोठ्या कुंड्यांत लावायची होती. चार कुंड्या हव्या होत्या. ताटासारख्या पसरट, लांबोळक्या, खाली चार पाय आणि बुडाला भोकं. चांगल्या उतरल्या तर पुढं आणखी घेऊ, असं कारकून म्हणाला. तू हसलास. "वडाले ताटात वाढून राह्यला का तुमचा साहेब?" काका, तुझा मोठा भाऊ, भिंतीला टेकून विडी ओढत होता. तो म्हणाला, "जनमभर मडकं गयू नये म्हणून मेला, अन् आता सोताच भोकं पाडतो. फुटकं मडकं इकणारा पयला कुंभार तूच होशीन बे!"

कारकून कागद ठेवून गेला. वर मराठीत मापं होती, ती मी घडाघडा वाचली. खाली साहेबाच्या हातची एक ओळ इंग्रजीत होती. मला इंग्रजीतली सुटी अक्षरं तेवढी येत होती, तीही छापलेली. तू माझ्या फुटपट्टीवरून बांबूची कमची मापाला तोडत होतास. कमचीच्या टोकाला तू दोन बोटं लावलीस आणि म्हणालास, "माती वायली का आकसते, भाजली का अजून आकसते. दोन बोटं वाढवून धरतो. पण हे खालची ओय काय म्हणते, ते पाय बरं माय." मी कागद डोळ्यांजवळ नेला. काका म्हणाला, "वाच न वं! मातीतून काढून तुले शायेत कायले घातलं मंग? हजेरी द्याले?"

नाही येत, एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "बा, दोन बोटं नोको वाढवू. ओल्या मातीचंच माप धरा म्हणून लिवलं हाय."

"असं लिवलं?"

"हाव."

तू एकदा कागदाकडे पाहिलंस, एकदा कमचीकडे. मग बोटं उचललीस. काकाला म्हणालास, "कागद म्हणते तसंच करा लागन भाऊ. पोरगी वाचून राह्यली." तुझ्या आवाजातला तो अभिमान मला अजून ऐकू येतो. त्या वेळी मला त्याची लाज वाटली नाही, बरं वाटलं. हेही खरं आहे, म्हणून लिहून ठेवते.

चाकावर न मावणारं काम तू हातानं करायचास. नदीकाठची माती, लीद, राख. आई पायानं तुडवायची आणि खडा लागला की थांबायची. तू अंगणात बसला आहेस, आतून दगडी गोळा, बाहेरून थापटी, ठपठप चालली आहे, आणि दर काठाला ती कमची लावून पाहतोस. उन्हाला जाऊ नये म्हणून ओली फडकी घातली आहेत. फडकी वाळली की मी भिजवते. भोकं पाडायची वेळ आली तेव्हा तुझा हात थांबला होता, आठवतं? "जीव होत नाही वं," म्हणालास आणि ती मला पाडायला लावलीस. भाजायला आवा लावलास तेव्हा कापसाच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या वर्षभराच्या काढल्यास. थंड व्हायला चार दिवस लागले, आणि तू कोणाला राखेला हात लावू दिला नाहीस. पाचव्या सकाळी चारही अखंड निघाल्या. तू बोटाच्या पेरानं प्रत्येक वाजवलीस. चारींचा आवाज एकच. काकानंही एक वाजवून पाहिली. तू कमची लावली नाहीस, मापं तर कागदाप्रमाणेच घेतली होती.

मग कुटार आणि कडबा घालून बैलगाडीत भरल्या, नांदुऱ्यापर्यंत तू बैलांच्या पुढं पायी चाललास, गाडीला धक्का बसू नये म्हणून. मालधक्क्यावर हमालानं पहिली उचलली तेव्हा ओरडलास, "बाळंतीण हाय असं समजून उचल बे!" हमाल हसला आणि खरंच हळू उचलली. कडब्यावर बांधायच्या पाटीवर मुंबईचा पत्ता मी लिहिला. तो मात्र बरोबर लिहिला होता.

महिन्याभरात कारकुनाचं पत्र आलं. मी ते तुला ओट्यावर बसून वाचून दाखवलं. कुंड्या लहान आहेत, झाडांची मुळं मावत नाहीत, परत पाठवत आहोत, यापुढे काम देता येणार नाही. मध्ये एक वाक्य होतं: 'मापे भाजल्यानंतरची हवीत असे साहेबांनी कागदावर स्वतः लिहून दिले होते.' ते मी वाचलं नाही. डोळ्यांनी वाचलं, तोंडानं पुढच्या ओळीवर गेले. तू विचारलंस, "इतलंच?" मी म्हटलं, "इतलंच." कागदावरचं पहिलं खोटं मी घाबरून बोलले, असं म्हणता येईल. हे दुसरं मला विचार करायला वेळ असताना केलं.

तू बराच वेळ आपला तळहात पाहत बसलास. "हातच चुकला असन," म्हणालास. काकानं संधी सोडली नाही: "झाडं बुटकी, कुंड्याही बुटक्या, जमलं तर होतं!" तू त्याच्यावर रागावला नाहीस. तू स्वतःलाच दोषी धरलंस, हे तिथंच मला कळायला हवं होतं. एक कुंडी वाटेत फुटली, तीन परत आल्या. त्यानंतर तू रांजण घडवतानाही मध्येच उठून दोरीनं मोजायचास, आईला विचारायचास, "बरोबर हाय न?" पुढं मोठं काम घेणंच सोडलंस. कोणी विचारलं तर म्हणायचास, "नाही जी, माह्या हातात आता माप नाही."

पुढं मी इंग्रजी शिकले, आणि सुट्टीत घरी आले तेव्हा आढ्याला खोचलेला तो पहिला कागद काढून ती ओळ वाचली. मला काही नवं कळलं नाही, फक्त खात्री झाली. तू समोरच होतास, पणत्या घडवत होतास. त्यानंतर तू चार वर्षं होतास, बा. चार वर्षं मी दर सुट्टीत ठरवून यायचे आणि पणत्या मोजून परत जायचे.

आज कुंडी मोजल्यावर उरलेल्या दोघींची मापं वडनेरला काकाच्या मोठ्या मुलाला पत्र टाकून मागवायची गरज नव्हती. ती मी गेल्या सुट्टीतच घेऊन ठेवली होती, मोजायची टाळलेली हीच तेवढी उरली होती. त्याही बावीस. तीन कुंड्या, आणि फरक नखाएवढासुद्धा नाही. हात चुकला असता तर तिघी तीन मापांच्या झाल्या असत्या. एवढी साधी गोष्ट तुला सांगितली असती तर तू पुन्हा थापटी उचलली असतीस. मी कुंडीच्या काठापुढं माझी दोन बोटं लावून पाहिली. माझी बोटं बारीक, तिसरं लावावं लागलं, तेव्हा चोवीस झाले. तुझी दोनच पुरली असती.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तरी लिहून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचलं. तुझ्यापर्यंत प्रत्येक कागद माझ्याच आवाजानं जायचा. कारकुनाच्या त्या वाक्याशी आले तेव्हा बाहेर ओटा झाडणारी बाई थांबून ऐकत होती. तेवढं वाक्य मी मनात वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेले.